पाऊण सेकंद

नव्या पेठेत गड्डमच्या दुकानात
काचेवर तीन खोकी मांडली होती.
तिन्हींवर एकच हरीण,
आपल्या माळावरचं नव्हे,
कुठल्यातरी बर्फातलं.

म्हटलं, अंबादास, अडीच हजार आहेत.
तो म्हणाला, मामा, आधी हे सांगा,
माणूस पकडायचाय का जनावर?

कुंभारीच्या पुढं माझी शेड.
सहा मागांतले चार विकले, दोन चालतात.
मोटारीची तांब्याची तार दोनदा गेली.
आणि हौदाशी, सकाळच्या ओल्या मातीत
चार बोटांचे ठसे,
कुत्र्याच्या मानानं लांबट.

दोन्ही, मी म्हटलं.
दोन्हीला पैसे जास्त पडतात, तो म्हणाला,
आणि स्टूल पुढं सरकवलं.

खोक्यावरच्या मेगापिक्सेलला भुलू नका, मामा,
ते आकडे पोळ्याच्या बैलासारखे रंगवलेले असतात.
दिवे बघा.
स्वस्तातला रात्री लाल लुकलुकतो,
लांडगा एकदा बघतो नि पाणी पितो,
चोर मात्र कॅमेराच काढून नेतो.
हा काळ्या दिव्यांचा, ह्याचा उजेड दिसत नाही.
सेल आठ लागतात. घड्याळातले घालू नका.
कार्ड वेगळं घ्यायचं.
आणि मुख्य म्हणजे,
समोर काही हललं की ह्याचा डोळा
किती वेळात उघडतो.
तो महागातला, पाव सेकंद.
हा तुमच्या पैशातला, पाऊण.

पाऊण सेकंदात
माझ्या मागावर धोटा जातो नि परत येतो.
एवढंच ना?
पाऊणवालाच दे.

नागमणी म्हणाली,
दोन भाकऱ्यांचं जनावर
अन् अडीच हजारांचा डोळा.

बाभळीला बांधला, गुडघ्याच्या जरा वर,
उन्हाकडं पाठ करून,
अर्ध्यात शेडचं दार, अर्ध्यात हौद.

आठवड्यानं कार्ड काढलं. तीनशे चाळीस फोटो.
कुसळी.
कुसळी, वाऱ्यानं वाकलेली.
बनसोड्यांची शेळी.
मी, लुंगी सावरत लघवीला चाललेला
(हा नागमणी यायच्या आत पुसला).
कुसळी.
मग एक शेपूट.
दुसऱ्या रात्री शेपूट आणि एक मागचा पाय,
पाण्यावर अजून वर्तुळं.
पिऊन गेला होता.
दर वेळी नुकताच गेलेला.

बुधवार. दोन वाजून अकरा मिनिटं.
एक कोपर.
खांद्यावरून पाठीवर पडलेला टॉवेल.
चेहरा चौकटीबाहेर.

किनार मी काळ्यापांढऱ्यातही ओळखली.
तीन काड्या जाड, चौथी सुटलेली.
चार नंबरच्या मागाची ती खोड,
दोन गठ्ठे बिघडले होते, व्यापाऱ्यानं परत केले,
मग दिवाळीला कामगारांत वाटले.
सात जण होते तेव्हा.
सातांतला कोण, ते चेहऱ्यानं सांगितलं असतं,
आणि चेहरा
धोट्याच्या एका फेरीएवढा पुढं निघून गेला होता.

नागमणीनं फोन डोळ्याजवळ नेला, लांब धरला,
परत जवळ नेला.
डावा खांदा जरा खाली आहे, म्हणाली.
पुढं काही बोलली नाही.
मीही विचारलं नाही.
बारा वर्षं एकाच मागावर उभं राहिलं की
खांदा उतरतोच.
माझाही उतरलाय.

दुसऱ्या दिवशी पट्टा सैल केला
आणि कॅमेऱ्याचं तोंड पूर्ण हौदाकडं फिरवलं.
दार मागं राहिलं.

शनिवारी नव्या पेठेत.
अंबादास, तो पाव सेकंदवाला उरलाय का?
सापडला वाटतं चोर, मामा?
नाही बे, म्हटलं,
लांडग्याचं तोंड बघायचंय.

त्यानं किंमत सांगितली.
मी खोक्यावरचं हरीण थोडा वेळ बघितलं,
मग आठ सेल घेतले
नि बसस्टँडकडं वळलो.